मेंढरांची परवानगी

आमच्या गावात फटाका वाजवायचा तर आधी मेंढरांची परवानगी काढावी लागते, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा माझ्या तोंडाकडं बघतो, मग माझ्या पिकल्या केसांकडं बघतो आणि सोडून देतो. सोडून देऊ नये. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. काही तर इतक्या झकास होत्या की पुढं त्या दुसऱ्याच माणसांनी मला खऱ्या म्हणून परत ऐकवल्या, आणि मीही तोंडाला पदर लावून 'काय सांगता' म्हणाले. पण ही गोष्ट थाप नाही. हिच्यात जिथं मीठ जास्त पडलंय ते खाणाऱ्याला आपोआप कळेल. साताऱ्याचा माण तालुका संपतो आणि सांगलीचा आटपाडी तालुका सुरू होतो त्या शिवेवर आमचं गाव. पाऊस आमच्याकडं घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चप्पलसुद्धा काढत नाही. कुसळांचे माळ, बाभळी आणि दगड मात्र भरपूर. माणसंही आहेत, पण त्यातली निम्मी मुंबईला आणि उरलेल्यातली निम्मी फौजेत, त्यामुळं गावात कधीही मतदान घेतलं तरी बहुमत मेंढरांचंच भरेल.

माझे वडील, म्हणजे आबा, तोफखान्यातून हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आले तेव्हा एक लोखंडी ट्रंक, एक कांबळं आणि दोन निकामी कान घेऊन आले. डावा पार गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी. यात्रेतला ढोल त्यांच्या उशाशी बडवला तर ते म्हणायचे, ''दार कोन वाजवतंय बघ गं.'' स्वतः मात्र ते समोरच्याला ऐकू येत नसावं अशा समजुतीनं बोलायचे. चुलीपुढं बसून मीठ मागितलं तर पलीकडच्या आळीतली बाई वाटी घेऊन यायची. माझी आई याच्या उलट. दिवसभर मेंढरांशी बोलणाऱ्या बाईला आवाज चढवावा लागत नाही. तिनं जिभेनं एकदा टक्क केलं की माळावर पसरलेला कळप माना वळवायचा. नवऱ्याला मात्र तिचं अक्षर ऐकू जायचं नाही. म्हणून मधे मी होते. आबांचं सगळं आईपर्यंत थेट पोचायचं, आणि आईचं आबांपर्यंत पोचायचं ते माझ्या हातून चाळून. आई म्हणायची, ''इचार त्यांस्नी, भाकरी खायाची का नुस्तं टोपलं राखायचं.'' मी कानाशी जाऊन ओरडायची, ''आबा, आई म्हनती गरम हाय तवर जेवा.'' आबा म्हणायचे, ''तुजी आई गुनाची.'' आई हुलग्याचं माडगं ढवळता ढवळता माझ्याकडं तिरकं बघायची. असा त्यांचा संसार मी कित्येक वर्षं गोड ठेवला. माझा आवाज आज असा आहे की दहिवडीच्या स्टँडवर मी कुणाला हाक मारली तर तीन गाड्या सुटतात, तो त्याच कामात कमावलेला आहे.

आईच्या कळपाचा म्होरक्या एक मेंढा होता. काळा, शिंगं वळून कानामागं गेलेली, आणि कशालाही मागं न सरणारा. त्याचं नाव आबांनी सुभेदार ठेवलं. हवालदारापेक्षा सुभेदाराचा हुद्दा मोठा, त्यामुळं तो दारातून जाताना आबा उठून उभे राहायचे आणि त्याला कडक सलाम ठोकायचे. तोही क्षणभर थांबायचा. सलाम घ्यायला थांबायचा की ओट्यावर सांडलेल्या ज्वारीसाठी, ते मला माहीत नाही. आबांचं म्हणणं होतं की सलाम घ्यायला.

आमच्या पुढच्या खोलीत आबांचं किराणा दुकान होतं, आणि दिवाळी आली की तिथं फटाके यायचे. पंचक्रोशीत दुसरीकडं कुठं फटाका मिळत नसे. आबा रीतसर परवाना काढून आणायचे आणि त्यातली एकूणएक अट फौजी हुकमासारखी पाळायचे. दुकानासमोर वाळूच्या बादल्या ओळीत, पाण्याचं पिंप भरलेलं. गिऱ्हाइकानं बिडी आणि काडेपेटी उंबऱ्याबाहेर ठेवायची. लहान पोराला एकट्याला फटाका मिळणार नाही, रांग मोडली तर मोठ्यालाही मिळणार नाही. एकदा तलाठी बिडी कानावर अडकवून आत आला तर आबांनी त्याला 'पीछे मुड' करून बाहेर काढला होता. आता तालुक्याला फटाक्यांचे स्टॉल मैदानात पत्र्याच्या शेडमध्ये लागतात. तिथंही वाळूच्या बादल्या असतात, आणि लोक त्यात पानाच्या पिंका टाकतात. आबांच्या वाळूत कुणी थुंकलं असतं तर त्याला तीच वाळू चाळत बसावं लागलं असतं. सांगायचं एवढंच की विकायचा कायदा आमच्या घरात पुरेपूर होता. विकलेला फटाका बाहेर जाऊन कुठं आणि कुणाजवळ वाजतो, याबद्दल मात्र कुणाच्या बापाचा कायदा नव्हता.

आबांना स्वतःला फुलबाजी, झाड, भुईचक्र असल्या गोष्टींत काडीचा रस नव्हता. त्यांना बार लागायचा. गल्लीत मोठा बार झाला की ते हातातलं माप खाली ठेवायचे, आणि त्यांच्या तोंडावर असं काही उजळायचं की जणू कुणी त्यांना नावानं हाक मारली. ''आला,'' म्हणायचे. एवढंच. मला लहानपणी वाटायचं की त्यांना लढाई आठवते.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात बकरी, म्हणजे मेंढरंच, बुजवतात. बुजवणं म्हणजे दचकवणं. सकाळी मेंढरं ओढ्याच्या डोहात धुवायची, शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग फासायचा, पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे. मेंढरं कोंडायचं सुती जाळीचं कुंपण असतं, त्याला वाघर म्हणतात. त्याच्या तोंडाशी लेंड्यांची रास घालून तिला हळदकुंकू आणि झेंडू वाहायचा. शेजारी गोवऱ्यांवर बोळक्यात मेंढीचं दूध ठेवायचं. ते ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला पाऊस चांगला. आमचं दूध बहुतेक वर्षी कुठल्याच अंगाला न जाता जागच्या जागी आटायचं, आणि ते अगदी खरं निघायचं. मग घरातल्या थोरानं घोंगडं एकदाच फडकन झटकायचं, आणि सगळा कळप एका उडीत राशीवरून पलीकडं जायचा. एवढंच बुजणं. त्याबरोबर वर्षाची रोगराई बुजून पळाली, असं समजून शेवयांची खीर खायला बसायचं.

ही गोष्ट घडली त्या वर्षी घोंगडं झटकायचा मान आबांकडं आला, कारण आजोबा आदल्या उन्हाळ्यात गेले होते. आबांनी घोंगडं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि बाजूला ठेवलं. दुकानातून त्यांनी फटाक्यांची सगळ्यात मोठी माळ आणली. ती इतकी लांब होती की तिचं एक टोक आमच्या दारात आणि दुसरं आटपाडी तालुक्यात होतं. ''घोंगड्यानं रोगराई शिवंपतुर जात आसंल, तर हिनं ती थेट कर्नाटकात जाईल,'' असं सगळ्यांना सांगत त्यांनी ती वाघराच्या कडेनं अंथरली. आई माझ्याजवळ आली. ''त्यांस्नी सांग, माळ लावायची न्हाई. मेंढ्या पोटूशी हायत.'' मी जसंच्या तसं ओरडून सांगितलं. आबा म्हणाले, ''एका मिन्टाचं काम हाय. काय हुतंय.'' आणि वात लावली.

सुभेदार राशीवरून गेला नाही. तो आबांच्या डोक्यावरून गेला. जाताना फेटा शिंगात अडकला तो घेऊनच गेला, आणि त्याच्यामागं अख्खा कळप. देवळाच्या ओट्यावरनं, पाण्याला आलेल्या बायकांच्या मधनं, सरपंच बापूंच्या फटफटीवरनं. बापू त्या वेळी फटफटीवर बसलेले होते. ते आजतागायत सांगतात की एकाही मेंढराचा खूर त्यांना लागला नाही. मग पुढचे दोन दिवस ते तोंडावाटे शब्द का काढत नव्हते, हे मी विचारत नाही. मुंबईहून सुट्टीला आलेला एक जण माळवदावर उभा होता. त्याला वाटलं ढग खाली उतरून रस्त्यानं चाललेत. तो हात जोडून उभा राहिला, कारण आमच्याकडं ढग कुठूनही आला तरी हात जोडतात. मेंढरं सापडली दिवस कलताना, लांब खिंडीच्या पायथ्याला, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून. आबांचा फेटा सुभेदाराच्या शिंगाला तसाच लोंबत होता.

इथून पुढं थोडा वेळ मीठ नाही. त्या आठवड्यात गाभण मेंढ्या एकामागून एक गाभडल्या. आई ती कोकरं पाटीत घालून बाभळीखाली न्यायची आणि मी खड्डा काढायची. अंगावर केस नसलेली, मिटलेल्या डोळ्यांची कोकरं. आई प्रत्येकाला पदरानं पुसायची, जिवंत जन्मलेल्याला पुसतात तशी, आणि मग खाली ठेवायची.  घरात चूल पेटायची, भाकरी थापल्याचा आवाज यायचा, पण माझ्याकडं चाळायला काही येत नव्हतं. आबा टोपल्यातली भाकरी घ्यायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायची. सांगण्यासारखं तिनं काही म्हटलेलंच नव्हतं.

गावातले कळप दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला खिंड ओलांडून कृष्णाकाठाला चरायला जातात आणि पाऊस लागल्यावर आखाडात परत येतात. आई दर वर्षी माझ्या मामाबरोबर, बिरूमामाबरोबर जायची. त्याची वस्ती खिंडीच्या पायथ्याला होती. त्या वर्षी ती पौर्णिमेची वाट न बघता आधीच तिकडं निघाली. घोड्यावर बोचकं चढवलं, कळप पुढं घातला आणि दारात उभी राहिली. आबा दुकानाच्या उंबऱ्यात होते. आई मला म्हणाली, ''त्यांस्नी सांग. पुनवंला मी मेंढरं घिऊन जानार. आखाडात समदी माघारी येतील, मी येनार न्हाई. ज्या गावात बार वाजतो त्या गावात माजी मेंढरं पाय ठेवनार न्हाईत, आन मीबी न्हाई.'' मग माझं नाव घेऊन म्हणाली, ''आन सगे, ह्यात तुजं काय घालू नगं.''

म्हणजे इतकी वर्षं तिला सगळं माहीत होतं. मी आबांच्या कानाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आईचं बोलणं जसं होतं तसं दिलं. सुभेदार दारावरून गेला. आबा उभे होते, पण सलामाला हात वर गेला नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्यांना म्हणाले, ''आबा, बार विकायचं बंद करा. उरलेला माल सांगलीला माघारी धाडा.'' ते वाळूच्या बादल्या सरळ रेषेत लावत होते. त्या आधीच सरळ होत्या. शेवटची बादली लावून म्हणाले, ''सगे, तुजा आवाज मला पान्याखालनं आल्यागत येतो. तुज्या आईचा तर तोंड हललेलंच दिसतं. सगळं जग असं गोधडीतनं. बार तेवढा कोरडा येतो. खनखनीत. तेवढा आला की वाटतं, कान हायत अजून.''  लढाई बिढाई काही नव्हतं. तरी मी म्हणाले, ''आन आई?'' त्यावर त्यांनी बादली उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवली.

मी ठरवलं की आबांशी भांडून उपयोग नाही. आबांनी विकलं नाही तरी मुंबईची पोरं बॅगेत घालून आणतील आणि आई काही येणार नाही. नियम गावाचा पाहिजे. पौर्णिमेआधी ग्रामसभा होती, आणि मला नुकतंच अठरावं पुरं झालं होतं. ग्रामसभेत बाया यायच्या त्या देवळाच्या खांबाआड बसून सही करायच्या आणि उठायच्या. मी पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले. आबा शेजारी, कानामागं पंजा धरून. विषय संपत आले तशी मी उभी राहिले आणि म्हणाले की मेंढरं गावात असतील तोवर गावात बार वाजवायचा नाही, असा ठराव करा. कुणीतरी मागून माइक पुढं द्यायला लागला, दुसरा म्हणाला, ''तिला माइक कशाला, आपल्याच कानात कापूस घाल.''

सरपंच बापू भले गृहस्थ होते, पण पाडव्यापासून त्यांना मेंढरू हा शब्दच सहन होत नव्हता. ''फटाक्याचं नियम सरकार करतंय,'' ते म्हणाले. ''त्याला साताऱ्यात कलेक्टर हायत, पोलिस हायत. किती वाजस्तवर वाजवायचं, कुठं वाजवायचं, समद्याचं कागद हायत. ग्रामसभेनं मेंढरांसाठी ठराव करायचा? उद्या कोंबड्या येतील अर्ज घिऊन.''

सगळे हसले. मीही हसले, कारण हसणाऱ्या माणसाला गप्प बसवणं अवघड जातं. मग म्हणाले, ''बापू, कागद साताऱ्यात हाय, मेंढरं हितं हायत. आमची मेंढी कवा गाभण असती ते कलेक्टरसायबाला कसं कळावं? तुमाला कळतं. म्हनून तुमी नियम करा.''

''आन वर्साचा सन हाय तो? पोरं मुंबईसनं येत्यात ती काय फुलबाज्या फिरवायला? पैलं तुज्याच बाचं दुकान बसंल. हवालदार, पोरीला जरा आवरा. घरची बाई न्हाई आवरली, आता पोरगी तरी आवरा.''

 आबांनी मला विचारलं, ''काय म्हनतोय?'' मी खाली वाकले आणि बापूंचं बोलणं शब्दाला शब्द, शेवटच्या वाक्यासकट, त्यांच्या उजव्या कानात ओरडले. अख्ख्या गावानं ते दुसऱ्यांदा ऐकलं. बापूंनी बहुतेक पहिल्यांदाच. ते टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधायला लागले.

मी थांबले नाही. ''ज्याला बार पायजे त्यानं खुशाल वाजवावा. फकस्त त्या वक्ताला त्यानं सोता वाघरात मेंढरांच्यात हुबं ऱ्हायचं. वात दुसऱ्यानं लावायची. भायेर आल्यावर जर म्हनला की वाजवा, तर मी पुन्यांदा ह्या गावात तोंड उघडनार न्हाई.''

ही शेवटची अट ऐकून बऱ्याच जणांच्या डोळ्यांत आशा चमकली. आणि बाहेर बघतात तर देवळासमोर बिरूमामानं वाघर ठोकलेलं, आत सुभेदार आणि आणखी दहाबारा मेंढे. मी आदल्या दिवशीच वस्तीवर जाऊन त्याला सांगून आले होते. आईला मात्र नाही. बापूंच्या हातात एक बार ठेवत मामा म्हणाला, ''गाभन एकबी न्हाई, समदं नर हायत. आन एकच बार. दुसरा लावला तर लावनाऱ्याला मी बुजवीन.''

कोण उभं राहणार? मुंबईची पोरं एकमेकांच्या पँटींकडं बघायला लागली. बापू फटफटीकडं बघायला लागले. तेव्हा आबा उठले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मेंढरं, वाघर आणि बापूंच्या हातातला बार बघून त्यांनी ओळखलं असावं. ''मी हुबा ऱ्हातो,'' ते म्हणाले. ''तोफंच्या बगलंला जवानी काढली. मेंढराला भितो व्हय?'' जाळी वर करून ते आत गेले, सुभेदारासमोर टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. लोक हसले. सुभेदार थांबला. बापूंनी रस्त्याच्या पलीकडं वात लावली आणि त्यांच्या वयाला न शोभेल अशा वेगानं मागं आले.

बार झाला. मी बाराकडं बघत नव्हते, आबांच्या तोंडाकडं बघत होते. ते नेहमीसारखं उजळायला लागलं आणि मधेच थांबलं. कारण तोवर वाघरातली सगळी जनावरं त्यांच्या अंगावर आली होती. बाहेर पळायला जागा नव्हती म्हणून ती आतल्या एकमेव माणसात घुसत होती. दोन त्यांच्या पायांमधे, एक कोटाच्या आत डोकं खुपसून. आणि कशालाही मागं न सरणारा सुभेदार कपाळ आबांच्या पोटात रुतवून असा थरथरत होता की त्याच्याबरोबर आबांची मिशी हलत होती. एवढी वर्षं आबांनी बार ऐकला होता. तो दुसऱ्या कुणाला कसा ऐकू येतो, हे त्यांना पहिल्यांदाच अंगाला लागून समजत होतं. ते खाली वाकले. त्यांनी दोन्ही पंजे सुभेदाराच्या कानांवर दाबून धरले. बार केव्हाच विरून गेला होता, धूरही गेला, तरी त्यांनी हात काढले नाहीत. बिरूमामानं जाळी वर केली तरी ते तसेच वाकलेले.

बाहेर आले तेव्हा कुणी हसत नव्हतं. आबा म्हणाले, आणि ते त्यांच्या परीनं हळू म्हणाले, त्यामुळं फक्त गावालाच ऐकू गेलं, ''तोफखान्यात बार व्हायच्या आदी ऑर्डर यायची. मंग आमी दोनी हातांनी कान दाबायचो. तरी माजं हे आसं झालं. ह्यांस्नी ना ऑर्डर, ना हात.'' मग बापूंकडं वळून, ''लिवा नियम.''

नियम झाला. मेंढरं गावात आहेत तोवर फुलबाज्या, झाडं, चक्रं काय पाहिजे ते उडवा, पण बार आणि माळ नाही, विकायचीही नाही. कुणाला फारच हौस असेल तर त्यानं आधी वाघरात उभं राहायचं. हे दुसरं कलम बापूंनी चिडून घातलं, माझीच अट माझ्या गळ्यात अडकवायला. आज त्याच कलमावर गाव चाललंय.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी आणि आबा वस्तीवर गेलो. आई बाजेवर बसून लोकर निवडत होती. आबांनी तिला सगळं सांगितलं, म्हणजे खिंडीपलीकडच्या गावांनाही समजलं. ती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर आबा तिच्या तोंडाकडं बघत उभे राहिले, निकालाची वाट बघणाऱ्या माणसासारखे. आई मला म्हणाली, ''आन त्यांचं काय मग?''

''कुनाचं?''

''तुज्या आबाचं. त्यांस्नी तेवढंच तर ऐकू येतंय.''

मला जे त्या आठवड्यात समजलं ते तिला लग्न होऊन जितके दिवस झाले तितके दिवस माहीत होतं. तिनं लोकर बाजूला ठेवली. ''उद्या कळप बिरूसंगं खिंडीतनं पार खाली उतरू दे. मी मागं खिंडीतच थांबते. मेंढरं लांब गेली की घोंगडं झटकीन. गावच्या माळावरनं दिसतंय. मंग त्यांस्नी म्हनावं, दुकानात उरलंय त्येवढं समदं वाजवा. झालं की मी जाईन कळपामागं.'' मी आबांना सांगायला वळले. ती म्हणाली, ''आता घाल तुजं काय घालायचं ते.'' मी काहीच घातलं नाही. घालायला जागाच नव्हती.

तेव्हापासून आमच्या गावची दिवाळी दोनदा होते, एकदा उजेडाची आणि पंधरा दिवसांनी आवाजाची. परवा नवीन फौजदारसाहेब आले. पोलिस ठाण्यात दरवर्षी देतो तसा अर्ज आम्ही दिला होता. तो हातात धरून म्हणाले, ''मावशी, दिवाळी झाली की. आता कसले फटाके?'' मी म्हणाले, ''साहेब, आमची परवानगी अजून खिंडीत पोचली न्हाई.'' त्यांना समजेना. मग बापूंच्या नातवानं, जो यंदा मुंबईहून कमी आवाजाचे म्हणून फटाके घेऊन आला होता आणि नियमाप्रमाणे आधी वाघरात उभा राहून आला होता, त्यानं त्यांना सगळं सांगितलं. त्याचा सदरा अजून लेंड्यांनी भरलेला होता, त्यामुळं साहेबांनी शब्दावर विश्वास ठेवला. आता खिंडीत माझी भाचेसून थांबते. तिच्याकडं मोबाइल आहे, पण मी तिला बजावलंय की फोन करायचा नाही, घोंगडंच झटकायचं.

पण पहिलं वर्ष ते पहिलं. माळावर सगळं गाव. आबांनी बार ओळीत मांडलेले, वाळूच्या बादल्या शेजारी, बिड्या लांब. खिंडीत आई एवढीशी, मुंगीएवढी. तिनं घोंगडं झटकलं. आवाज अर्थातच आला नाही, नुसता काळा ठिपका वरखाली झाला. आबांनी टाचा जुळवून खिंडीकडं सलाम ठोकला आणि एकेक वात लावत गेले. प्रत्येक बाराला ते म्हणत, ''आला.'' शेवटचा झाल्यावर खिंडीतला ठिपका पलीकडं उतरला.

मग हिवाळा गेला, उन्हाळा गेला. दुकानात आबा गोळ्या-बिस्किटं विकत बसले. मी चुलीवर माडगं करायला शिकले, आणि आबा ते बिनतक्रार प्यायला शिकले. आखाड लागला. एका सकाळी माळाकडून टक्क असा आवाज आला. मला आला, आबांना नाही. मी त्यांचा दंड धरून त्यांना ओट्यावर आणलं. आई आली, पुढं सुभेदार, मागं कळप, आणि कळपात नवी कोकरं उड्या मारत. आबांनी सुभेदाराला सलाम ठोकला. आई ओट्यासमोर थांबली. मी सवयीनं मधे जाऊन उभी राहिले, चाळणी तयार ठेवून. तिनं मला खांद्याला धरून बाजूला केलं. आबांसमोर उभी राहून तिनं एक बोट वर केलं आणि मग ते हळूच वाकवून खाली पाडलं.

खिंडीतून घोंगडं झटकलं त्या दिवशीच्या बारांतला एक फुसका निघाला होता. माळावर अख्खं गाव होतं, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. फक्त आबांना माहीत होतं, कारण वात जळाली आणि 'आला' म्हणायचं त्यांच्या तोंडातच राहिलं होतं. आणि तिकडं खिंडीत आईनंही एकेक बार मोजला होता.

आबा इतक्या जोरात हसले की कळप परत बुजला.